आतड्याच्या चित्रामागे कोसंबींचे गणित

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी सुरू असते. डॉक्टरांचे लक्ष पडद्यावर असते आणि आतड्याची गुलाबी, घड्याघड्यांची भिंत हळूहळू सरकत असते. मध्येच एखाद्या घडीच्या कडेला हिरवी चौकट उमटते. ही चौकट यंत्राने काढलेली असते. येथे पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेली लहानशी गाठ असू शकते, नीट पाहा, एवढाच तिचा निरोप. अशा गाठींपैकी काहींचे पुढे काही वर्षांत कर्करोगात रूपांतर होऊ शकते. म्हणून वेळेवर सापडलेली एक गाठ पुढचे मोठे आजारपण टाळू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली. तिच्यामागे अनेक देशांतल्या अनेक पिढ्यांचे काम आहे. त्या कामाचा एक धागा मागे मागे उकलत गेले, तर तो पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकापर्यंत येतो. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी रीत त्यांनी घालून दिली. पण त्यांचा पेशा गणिताचा होता. १९४३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक शोधनिबंध आज चित्रे समजून घेणाऱ्या यंत्रशास्त्राच्या पायाशी आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

गोवा, पुणे, हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून ते श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले होते. पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यामुळे दामोदरचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले.

विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर आणि त्याची थोरली बहीण माणिक त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेली. शाळा तिथेच झाली आणि मग हार्वर्ड. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत त्यांनी गती मिळवली. जॉर्ज बर्कॉफ यांच्यासारखे गणिती तिथे शिकवत होते. पुढे यंत्रे आणि सजीव यांच्यातील नियंत्रणाचे शास्त्र उभे करणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशीही त्यांची ओळख झाली. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन कोसंबी भारतात परतले.

आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्याच्या सुचवण्यावरून कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला देऊन एक शोधनिबंध छापला. गंमत म्हणून घेतलेले हे नाव पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका नामांकित गटाने स्वतःसाठी वापरले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोसंबी पुण्यात फर्ग्युसनमध्ये आले आणि १९४५ पर्यंत तिथेच राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुणे त्यांचे कायमचे गाव झाले. भांडारकर संस्थेच्या परिसरात घर, मागे टेकडी, आणि त्या टेकडीवर रोजची पायपीट.

नाणी तोलणारा गणिती

फर्ग्युसनच्या काळात कोसंबी संख्याशास्त्राकडे वळले. ते पुस्तकातून शिकण्यापेक्षा हातात खरे आकडे घेऊन शिकावे, असे त्यांनी ठरवले. पहिले आकडे घरचेच होते, विद्यार्थ्यांच्या परीक्षेतले गुण. पुढचे आकडे त्यांनी तराजूवर मिळवले.

नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एक नाणे किती झिजेल हे सांगता येत नाही. पण एकाच वेळी टाकसाळीतून निघालेली शेकडो नाणी घेतली, तर त्यांचे सरासरी वजन काळानुसार कमी होत जाते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो. चालू काळातली नाणी तोलून कोसंबींनी हे पडताळले. मग तोच नियम त्यांनी तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांना लावला. कोणती नाणी जास्त काळ फिरली, कोणती कमी, याचा अंदाज वजनावरून बांधता आला. त्यासाठी त्यांनी हजारो नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. हा खटाटोप नाणेशास्त्राच्या जुन्या अभ्यासकांना विचित्र वाटला असेल. पण राजांच्या याद्यांपलीकडे जाऊन इतिहासाला मोजमापाचा आधार देण्याचा तो मार्ग होता.

या कामातून एक सवय पक्की झाली, ती त्यांच्या साऱ्या आयुष्यात दिसते. एकेका नगात फरक असतोच. त्या फरकात काही अर्थ असतो आणि काही नुसता गोंधळ असतो. दोन्ही वेगळे करायचे, तर पुष्कळ नग स्वतः तपासावे लागतात. आजची एन्डोस्कोपी यंत्रणा आतड्याच्या चित्रांबाबत हेच करत असते. १९४३ चा शोधनिबंध या फरकाच्या गणिताबद्दलच होता.

स्वारगेट चौकाचा आलेख

हे गणित अवघड चिन्हांनी भरलेले आहे. पण त्याचा गाभा पुणेकराला स्वारगेटच्या गर्दीवरून समजेल.

समजा, स्वारगेट चौकातून दर मिनिटाला किती माणसे जातात, याची कुणी नोंद ठेवली. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे एका दिवसाचे १,४४० आकडे आणि त्यांचा एक वळणावळणाचा आलेख. वर्षभर नोंद ठेवली की असे ३६५ आलेख जमतील. त्यातला कोणताही दुसऱ्यासारखा हुबेहूब नसेल. एखाद्या सकाळी एसटी उशिरा आली, एखाद्या दुपारी पाऊस कोसळला, कधी मोर्चा निघाला, कधी दिवाळीची गर्दी गावी निघाली.

तरी हे ३६५ आलेख एकमेकांवर ठेवले की दिसते, फरकाचेही काही ठरावीक साचे आहेत. कामाच्या दिवसाचा एक साचा, सकाळी आणि संध्याकाळी उंच जाणारा. सणाच्या आदल्या दिवसाचा दुसरा, रात्री उशिरापर्यंत न उतरणारा. मुसळधार पावसाचा तिसरा. मग कोणताही दिवस असा सांगता येतो: रोजची सरासरी, अधिक पहिला साचा एवढा, दुसरा तेवढा, तिसरा अगदी थोडा. १,४४० आकड्यांऐवजी चार-पाच आकड्यांत दिवसाचे बहुतेक रूप पकडता येते. जे उरते ते बारीकसारीक, त्या त्या मिनिटाचे.

असे साचे काढायचे कसे, ते एकमेकांत न मिसळतील अशी रचना कशी करायची, आणि सर्वाधिक फरक सांगणारा साचा पहिला, त्याहून कमी सांगणारा दुसरा असा क्रम कसा लावायचा, याचे गणित कोसंबींच्या शोधनिबंधात आहे. मोजक्या आकड्यांसाठी अशी रीत आधीपासून होती. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये ती मांडली होती. कोसंबींनी ती अखंड वक्रांपर्यंत, म्हणजे ज्यात आकड्यांची संख्या अनंत आहे अशा ठिकाणापर्यंत नेली. हा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापून आला.

या रीतीतली एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आतड्याच्या आजारांकडे वळल्यावर ती फार महत्त्वाची ठरते. साचे आधीपासून ठरलेले नसतात. ते गोळा केलेल्या नोंदींतूनच निघतात. स्वारगेटच्या नोंदींतून निघालेले साचे स्वारगेटचे असतात. ते टोकियोच्या रेल्वे स्थानकाला लावले, तर काही बसतील आणि काही फसवतील.

महायुद्ध सुरू होते आणि भारतीय नियतकालिक बाहेर फारसे पोहोचत नव्हते. पुढच्या पाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे तेच सूत्र मांडले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते कारहुनेन-लोएव या नावाने रूढ झाले. कोसंबी या दोघांच्या आधीचे, हे पुढे हळूहळू मान्य झाले. आता काही अभ्यासक त्या सूत्राला तिघांचेही नाव देतात.

चित्र म्हणजे आकड्यांचा ढीग

एन्डोस्कोपीचे चित्र यंत्राला आपल्यासारखे दिसत नाही. त्याच्यासाठी ते आकड्यांचे कोष्टक असते. चित्रात दहा लाख ठिपके धरले, तर प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, म्हणजे एका चित्राचे तीस लाख आकडे. आणि अशी चित्रे सेकंदाला पंचवीस-तीस. या ढिगातून अर्थ काढायचा तर आधी ढीग लहान करावा लागतो.

इथे कोसंबींचे सूत्र कामी आले. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स सिरोविच आणि मायकेल कर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर ही रीत वापरली आणि थोड्याशा साच्यांच्या मिश्रणातून चेहरा पुन्हा उभा करता येतो, हे दाखवले. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांची सुरुवात तिथून झाली.

त्याआधी १९७४ मध्ये मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह चित्र दाबून लहान करण्याची सोपी पद्धत शोधली होती. ती किती चांगली आहे हे जोखण्यासाठी त्यांनी तिची तुलना कारहुनेन-लोएव सूत्राशीच केली, कारण ढीग लहान करण्यात त्या सूत्राच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही. अडचण एवढीच की त्याचे साचे दर वेळी नव्याने काढावे लागतात. अहमद यांच्या पद्धतीचे साचे ठरलेले असतात आणि तरी ती त्या आदर्शाच्या अगदी जवळ जाते. आपल्या मोबाईलमधली जेपीईजी छायाचित्रे याच पद्धतीने साठवली जातात.

आतड्याच्या तपासणीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने पोटात शिरतो. २००१ पासून अमेरिकेत वापरात असलेली कॅमेऱ्याची गोळी रुग्ण गिळतो. ती सुमारे आठ तास आतड्यातून पुढे सरकत पन्नास हजारांच्या आसपास चित्रे पाठवते. बॅटरी इवलीशी, त्यामुळे चित्र लहान करून पाठवणे भाग असते. आणि इतकी चित्रे डोळ्यांनी पाहताना डॉक्टर थकतात, म्हणून त्यातील संशयास्पद चित्रे वेगळी काढायला यंत्राची मदत घेतली जाते.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता कोसंबींच्या सूत्रावर थेट चालते असे नाही. तिचे जाळे लाखो चित्रे पाहून आपले साचे स्वतःच घडवते आणि ते साचे कितीतरी गुंतागुंतीचे असतात. तरी मूळ विचार तोच आहे. साचे नोंदींतून काढायचे, महत्त्वाचा फरक ठेवायचा, बाकीचा सोडायचा.

जनुकांमधील अंतर

१९४४ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, कोसंबींनी आनुवंशिकीत एक छोटे सूत्र दिले. गुणसूत्रावरील दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटी होऊन पुढच्या पिढीत जातात, यावरून त्यांच्यातील अंतर काढायचे असते. पण गुणसूत्राचा एका जागी सांधेबदल झाला की त्याच्या शेजारी लगेच दुसरा होण्याची शक्यता कमी होते. ही अडचण हिशेबात धरणारे कोसंबींचे सूत्र आजही जगभर वापरात आहे. भात-गव्हाच्या वाणांवर काम करणाऱ्यांना ते नावानिशी ठाऊक असते.

आतड्याच्या आजारांशी या विद्येचे नाते जुने आहे. काही कुटुंबांत मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप येतात आणि उपचार न झाल्यास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. या आजाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे, हे १९८७ मध्ये अशाच अंतर मोजण्याच्या पद्धतीने कळले. चार वर्षांनी ते जनुक नेमके सापडले.

डेक्कन क्वीनमधला प्राध्यापक

१९४५ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. नोकरी मुंबईला आणि घर पुण्यात. वर्षानुवर्षे त्यांनी डेक्कन क्वीनने ये-जा केली. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड आणि अमेरिकेला गेले, ते गणन यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. संगणक तेव्हा एक अख्खी खोली व्यापत असे. या फेरीत ते शिकागो विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते आणि प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतही राहून आले. ज्या यंत्रांवर त्यांच्या सूत्राचा पुढे सर्वाधिक उपयोग व्हायचा होता, ती यंत्रे त्यांनी अशी बाल्यावस्थेत पाहिली.

सुट्टीच्या दिवशी मात्र ते पुण्याभोवतीच्या डोंगरांत असत. दगडाची चिमुकली हत्यारे वेचणे, म्हातोबासारख्या ग्रामदैवतांची आणि मातृदेवतांची ठाणी पाहणे, धनगरांच्या वाटा कुठून जातात ते विचारणे. कार्ल्याच्या लेण्यांत त्यांनी शिलालेख शोधले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. त्यासाठी हस्तलिखितांतील पाठभेद तपासावे लागले. हेही तोलण्याचेच काम होते, फक्त नाण्यांच्या जागी श्लोक होते. भारतीय इतिहासावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९५६ मध्ये आले.

संस्थेतले दिवस पुढे कडू झाले. अणुऊर्जेवरच्या मोठ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. भारतासारख्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, असे ते उघडपणे मांडत. स्वभाव तिखट, भीड ठेवण्याची सवय नाही. त्यात १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकाची, गणितातल्या एका अत्यंत अवघड प्रश्नाची, सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचा दावा केला. तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांमधील त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये त्यांना संस्था सोडावी लागली.

ज्याने आयुष्यभर मोजून, पडताळून बोलण्याचा आग्रह धरला, त्याच्याच हातून हे व्हावे, यात आजच्या वैद्यकासाठीही बोध आहे. बहुतेक वेळा खरे ठरणे आणि सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शंभरातील पंचाण्णव पॉलिप ओळखणारे यंत्र समोरच्या या एका रुग्णाच्या बाबतीत बरोबर आहे, हे त्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. म्हणूनच काढलेली गाठ आजही प्रयोगशाळेत तपासायला जाते.

यंत्राने किती फरक पडतो?

कोलोनोस्कोपीतली कृत्रिम बुद्धिमत्ता अशा मोजमापाच्या कसोटीवर उतरली आहे का? काही अंशी उतरली आहे. चीनमधील चेंगदू येथील १,०५८ रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाची तपासणी यंत्रासह करायची आणि कुणाची यंत्राविना, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारी गाठ यंत्राविना २०.३ टक्के रुग्णांत सापडली, यंत्रासह २९.१ टक्के रुग्णांत. मात्र जादा सापडलेल्या बहुतेक गाठी अगदी लहान होत्या.

दुसरी बाजूही पुढे आली आहे. २०२५ मध्ये पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राची सवय झाल्यावर डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, कारण इतरही असू शकते. पण चौकटीची वाट पाहणारा डोळा आळसावतो का, हा प्रश्न त्याने उभा केला.

संशोधनात यंत्राचा आणखी एक उपयोग आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मोठ्या आतड्याला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जाते. नवे औषध लागू पडते का हे ठरवताना आतड्याच्या स्थितीला शून्य ते तीन असे गुण देतात. एकच चित्रफीत दोन तज्ज्ञांनी पाहिली तर गुण वेगळे पडू शकतात. कोसंबींच्या तराजूची गरज असते ती इथे. गुण देणारा बदलला की वजन बदलत असेल, तर औषधाचा परिणाम कळणार कसा? म्हणून अशा चाचण्यांत यंत्राकडून गुण देऊन पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. यंत्र चुकले तरी दर वेळी एकाच रीतीने चुकते, आणि अशी चूक शोधून सुधारता येते.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा

सातारा, सांगली, सोलापूरकडून स्वारगेटला उतरून पुण्याच्या रुग्णालयांत जाणाऱ्यांमध्ये पोटदुखी, जुलाब आणि वजन घटण्याची तक्रार घेऊन आलेले रुग्णही असतात. दुर्बीण घातल्यावर लहान आतडे मोठ्याला मिळते त्या जागी व्रण दिसतात. हे व्रण आतड्याच्या क्षयाचे असू शकतात किंवा क्रोन्स नावाच्या आजाराचे. दोन्ही दिसायला सारखे. तुकडा काढून तपासला तरी क्षयाचे जंतू नेहमी सापडतातच असे नाही.

दोन्हींचे उपचार मात्र उलट दिशेचे. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. तीच क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत बसले, तर महिने वाया जातात आणि यकृताला त्रास होण्याचा धोका असतो. अनेकदा डॉक्टर काही काळ क्षयाची औषधे देऊन पुन्हा दुर्बीण घालतात आणि व्रण भरले का ते पाहतात.

इथे यंत्र मदत करू शकेल का, याचा शोध सुरू आहे. मात्र कोसंबींच्या सूत्रातली ती गोष्ट आडवी येते: साचे नोंदींतून निघतात. युरोप-अमेरिकेत आतड्याचा क्षय क्वचित दिसतो. तिथल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राने क्षय पुरेसा पाहिलेलाच नसेल, तर असा व्रण दिसताच ते क्रोन्सकडे झुकेल. आपल्या रुग्णांची चित्रे, अंतिम निदान काय ठरले याच्या नोंदीसह आणि रुग्णाच्या संमतीने, आपल्यालाच गोळा करावी लागतील. हे काम चमकदार नाही. एकेक नाणे तोलण्यासारखे आहे.

वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे. शौचातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे, शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणे, रक्ताल्पता, किंवा जवळच्या नातेवाईकाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर मूळव्याध समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे. कोलोनोस्कोपी ठरलीच तर आदल्या दिवशीचे पोट साफ करण्याचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावे. मळाखाली झाकलेली गाठ डॉक्टरांना दिसत नाही आणि यंत्रालाही दिसत नाही.

टाटा संस्था सोडल्यानंतर कोसंबींना १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने सन्माननीय वैज्ञानिक नेमले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. संधिवाताने त्यांना अनेक वर्षे छळले होते, तरी टेकडीवरचे चालणे त्यांनी सोडले नव्हते. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ५८. जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांचे तिकीट काढले. त्यांचे १९४३ चे सूत्र मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत अजून इतर दोघांच्याच नावाने शिकवले जाते, पुण्यातल्या वर्गांतही.